बुधवार सोडून

"मावशी, आईचं सुरू कसं झालं होतं?"

शनिवारी सकाळी आठ वाजता फोनवर असा प्रश्न आला तर कोणीही आधी खाली बसेल. मावशी बसली नाही, कारण एका जागी बसणं तिच्या स्वभावातच नाही. हातातला अर्धा चहा तिने बेसिनमध्ये ओतला आणि चपला शोधत शोधत विचारलं, "का गं? काय झालं?"

भाचीने सांगितलं ते असं. ती घरी बसून एका हॉस्पिटलचे रिपोर्ट टाइप करते. तपासणी झाली की डॉक्टर बोलून ठेवतात, ती हेडफोन लावून ते ऐकते आणि टाइप करते. स्क्रीनवर एका खिडकीत आवाज, दुसरीत औषधांची यादी, तिसरीत रिपोर्ट. सात वर्षं सुरळीत चाललं होतं. महिन्याभरापासून मात्र कॉम्प्युटर मधेच हँग व्हायला लागला. चार-पाच सेकंद सगळं थांबायचं आणि पुन्हा चालू व्हायचं. तेवढ्यात दाबलेली अक्षरं कधी मागाहून धावत यायची, कधी यायचीच नाहीत.

मागच्या शनिवार-रविवारी कॉम्प्युटर दुकानात ठेवला. दोन दिवसांत तो तिथे एकदाही अडकला नाही. घरी आणला आणि सोमवारी घात झाला. एका रुग्णाला एक औषध देऊ नये, असं डॉक्टर बोलले होते. भाचीच्या रिपोर्टमधून त्यातला नकार गळला. नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. मंगळवारी ऑफिसातून पत्र आलं. चूक यंत्राची की तुमची, ते येत्या सोमवारी अकरा वाजता पुराव्यासकट सांगा. तुमची असेल तर काम थांबवा.

"यंत्राची नाही, असं दुकानदाराने लिहून दिलंय," भाची म्हणाली. "हँग झालं की मी यांना हाक मारते. हे येऊन बघतात तर सगळं व्यवस्थित चालू. मग उरलं कोण? मीच ना? आईचेही आधी शब्दच गळायला लागले होते."

भाचीची आई म्हणजे मावशीची थोरली बहीण. एक्कावन्नाव्या वर्षी तिचे शब्द हरवायला लागले, मग माणसांची नावं, मग घराचा रस्ता. भाची आता चव्वेचाळीसची होती.

"मी येते," मावशी म्हणाली. "तोवर कशाला हात लावू नकोस."

मावशीने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या तक्रार विभागात काढली होती. लोक फोनवरून शिव्या घालायचे आणि ही शांतपणे तक्रारीचं कार्ड भरायची. तिथे तिला एक खोड लागली ती कायमची. काय बिघडलं, हे ती आधी विचारतच नसे; कधी बिघडतं, ते विचारायची. लाइन सकाळी जाते की दुपारी, रोज जाते की एक दिवसाआड. घरच्यांना या खोडीचा वैताग होता. भाजी अळणी झाली तरी ही विचारणार, कधीपासून.

नऊला ती भाचीच्या दारात उभी होती. दार जावयाने उघडलं. जावई शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे आपलं चुकलं हे त्याला सहसा पटत नाही. पण आज त्याचा चेहरा उतरला होता. दुकानातून कॉम्प्युटर परत आणला तेव्हा तो गमतीने बोलून गेला होता, नाचता येईना अंगण वाकडं. बायकोने ते इतकं मनाला लावून घेतलं की चार दिवस धड जेवली नाही.

खोली लहान होती. भिंतीला लागून टेबल, त्यावर कॉम्प्युटर, टेबलाखाली सीपीयू आणि वायरींचा असा गुंता की झाडू मारणाराही हात जोडेल. टेबलाला चिकटून काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट, त्यात भाचीच्या नणंदेची जाडजूड पुस्तकं. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर.

मावशीने वही काढली आणि जावयाला उभ्या उभ्याच धरलं.

"दुकानात काय काय नेलंत?"

"फक्त सीपीयू. बाकीचं नको म्हणाला तो."

"परत आणल्यावर वायरी कोणी लावल्या?"

"माझ्या बहिणीने. मला त्यातलं काही कळत नाही, ती हुशार आहे त्यात."

बहीण म्हणजे भाचीची नणंद. याच घरात राहते, औषधांच्या दुकानात सकाळच्या पाळीला काउंटरवर असते, दीडपर्यंत परतते. पत्र आल्यापासून ती वहिनीची सख्ख्या बहिणीसारखी काळजी घेत होती. चहा हातात आणून द्यायची, डोकं चेपायची, थोडी झोप काढ म्हणायची. ही सगळी माहिती जावयाने कौतुकाने सांगितली आणि मावशीने ती तशीच उतरवून घेतली.

मग तिने दुकानदाराला फोन लावला. तो आधीच वैतागलेला होता. धूळ साफ केली, पंखा ठीक, व्हायरस नाही, आतली हार्ड डिस्क ठणठणीत, रॅम दुप्पट करून दिली. दोन सिनेमे आणि दहा फायली एकदम उघडून ठेवल्या तरी मशीन अडखळलं नाही. एक खूण मात्र कोपऱ्यात सारखी यायची, काहीतरी सापडत नाही म्हणून. ते बाईंच्या ऑफिसचं असेल असं समजून त्याने हात लावला नव्हता. एवढं बोलून, बाईंना जरा विश्रांती द्या, असा सल्लाही त्याने फुकट दिला.

आता पाळी भाचीची होती. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि अंगठ्याने बोटांची टोकं मोजत होती, एक ते चार, चार ते एक.

"कोणतं औषध होतं?" मावशीने विचारलं.

"ते तुलाही नाही सांगणार. रुग्णाचं आहे. रिपोर्टमधलं अक्षर बाहेर जाऊ देणार नाही, असं मी सही करून दिलंय. घरात सगळ्यांना एवढंच माहीत आहे की एका औषधाचं चुकलं."

"बरं. या आठवड्यात रोज अडकला?"

"रोज. बुधवार सोडून."

"बुधवारी काय झालं?"

"काहीच झालं नाही. दिवसभरात एकदाही नाही. मला वाटलं, मी बरी झाले." तिने पुन्हा बोटं मोजली. "गुरुवारी सकाळी परत सुरू."

मावशीने बुधवारच्या खाली दोन रेघा ओढल्या.

मग तिने स्टूल ओढलं आणि भाचीच्या समोर, कॉम्प्युटरच्या बाजूला, स्क्रीनकडे पाठ करून बसली. मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं. भाचीने हेडफोन चढवले आणि काम सुरू केलं. तिची बोटं भराभर चालत होती. दर परिच्छेदाला डावा हात आपोआप सेव्ह दाबायचा. पहिल्या नोकरीत लागलेली ती सवय होती.

नऊ चाळीस. पहिलंच सेव्ह. भाचीची बोटं थबकली, नजर एका जागी खिळली. त्याच वेळी कुठूनतरी घुर्र असा बारीक आवाज आला.

"आता," भाची पुटपुटली.

मावशीने मान वळवून पाहिलं तर स्क्रीनवर अक्षरं सरळ चालत होती. आवाज कसला, असं तिने विचारलं. जावई म्हणाला, फ्रिजचा. भाचीच्या कानावर हेडफोन होते, तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

पुढचा पाऊण तास कॉम्प्युटर लोण्यासारखा चालला. दर दोन-तीन मिनिटांनी सेव्ह, काही अडचण नाही. दहा पंचवीसला ऑफिसातून फोन आला, तो सतरा मिनिटं चालला. फोननंतरच्या पहिल्याच सेव्हला भाची पुन्हा थबकली. अकराला जावयाने चहा आणला. पाच मिनिटं चहा, आणि त्यानंतर काही नाही. साडेअकराला डोकं जड झालं म्हणून भाची पंधरा मिनिटं आडवी झाली. उठून आली, चार ओळी टाइप केल्या, सेव्ह दाबलं.

"आता," ती म्हणाली, आणि कीबोर्डवरून हात उचलले.

मावशी उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तिला बहीण आठवली. बहिणीचे शब्द संध्याकाळी जायचे, दिवसभर दमल्यावर. सकाळी ताजी असली की ती व्यवस्थित बोलायची. हिचं उलटं होतं. फोननंतर, झोपून उठल्यावर, बसल्या बसल्या पहिल्याच खेपेला. माणूस विश्रांती घेऊन चुकतो, असं तिने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. तेव्हा कुठे तिने स्टूल वळवलं आणि स्क्रीनकडे तोंड करून बसली.

"आठ मिनिटं गप्प बस. कशाला हात लावायचा नाही."

आठ मिनिटांनी सेव्ह दाबलं, काही झालं नाही. मग मावशी स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजची वायर भिंतीतून उपटली. जावयाने दुधाची काळजी व्यक्त केली, ती कोणी मनावर घेतली नाही. आता बारा मिनिटं गप्प. भाची पाय हलवत होती, जावई नखं खात होता, आणि मावशी स्वतः शेवटच्या मिनिटाला उभीच राहिली.

भाचीने सेव्ह दाबलं. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं सेकंदांचं घड्याळ थांबलं. घुर्र. पाच सेकंदांनी घड्याळ पुन्हा चालायला लागलं.

"थांबलं होतं," मावशी म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिलं."

"तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस," भाची म्हणाली.

मावशीने वाद घातला नाही. बाल्कनीत जाऊन दुकानदाराला दुसरा फोन केला आणि दहा-बारा मिनिटं काम नसलं की झोपणारं यंत्रात काही असतं का, एवढंच विचारलं. उत्तर ऐकून परत आली ती थेट कपाटासमोर उभी राहिली आणि पुस्तकांची नावं वाचत बसली.

दीडला नणंद आली. सडपातळ, चटपटीत, हातात वहिनीसाठी आणलेली फळं. मावशीने तिलाही उभ्या उभ्याच गाठलं.

"रविवारी वायरी तूच लावल्यास?"

"हो. दादाला जमत नाही."

"किती होत्या?"

"मोजल्या नाहीत, मावशी."

"सोमवारी काय होईल वहिनीचं? तुला काय वाटतं?"

नणंदेने सुस्कारा सोडला. "अवघड आहे. पेनिसिलिनचं प्रकरण आहे, एखाद्याच्या जिवावर बेतलं असतं. आम्ही काउंटरवर दहादा विचारून देतो."

मावशीने वही मिटली आणि सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"हेडफोन काढ," ती भाचीला म्हणाली. "आणि आता बारा मिनिटं कोणी कशाला हात लावायचा नाही, कोणी बाहेर जायचं नाही."

बारा मिनिटं खूप मोठी असतात. जावई दोनदा काही बोलायला गेला आणि दोन्ही वेळा मावशीने नुसता हात वर केला. नणंद दारापाशी उभी होती. पाचव्या मिनिटाला तिला तहान लागली, सातव्या मिनिटाला एक फोन करायचा होता, पण मावशी दाराच्या चौकटीत उभी होती आणि बाजूला सरत नव्हती.

"आता सेव्ह दाब. सगळ्यांनी कोपऱ्यातलं घड्याळ बघा."

घड्याळ थांबलं. ते चौघांनीही पाहिलं. फ्रिज अजून बंदच होता, आणि तरी घुर्र असा आवाज आला, दोन हातांवरून, काचेच्या कपाटातून.

मावशीने कपाटाचं दार उघडलं, औषधशास्त्राची तीन जाड पुस्तकं बाजूला केली आणि मागून एक काळी एक्स्टर्नल हार्ड डिस्क बाहेर काढली. ती पाकिटाएवढी होती आणि हाताला कोमट लागत होती. तिची वायर कपाटाच्या मागच्या फटीतून सीपीयूपर्यंत गेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मावशी स्वतःशीच म्हणाली.

"ही बघ तुझी चोर," तिने भाचीला सांगितलं. "दुकानदाराने समजावलं तसं, तू सेव्ह दाबलंस की एक छोटा प्रोग्राम त्या रिपोर्टची प्रत हिच्यावर उतरवतो. ही जागी असली तर कोणाला पत्ता लागत नाही. पण दहा मिनिटं काम मिळालं नाही की ही झोपते. झोपलेली असताना तू सेव्ह दाबलंस, तर ही उठून फिरायला लागेपर्यंत अख्खा कॉम्प्युटर हिची वाट बघत उभा राहतो. म्हणून फोननंतर, आणि म्हणून झोपून आलीस की. पाच मिनिटांच्या चहानंतर नाही."

"आणि मी येऊन बघायचो तेव्हा?" जावयाने विचारलं.

"तुम्ही येईपर्यंत ती उठलेली असायची. पुढची दहा मिनिटं तुम्हाला काही दिसणं शक्यच नव्हतं. दुकानात तर ती गेलीच नाही, इथेच राहिली. प्रोग्राम तिला शोधत होता आणि सापडत नाही म्हणून सांगत होता. दुकानदाराला ते ऑफिसचं वाटलं. हिच्या कानावर हेडफोन, तुमच्या डोक्यात फ्रिज. आवाज मी तिऱ्हाईत म्हणून ऐकला."

"पण ही ठेवली कोणी?" भाची म्हणाली.

"बुधवारी ती डिस्क काढली होती आणि गुरुवारी परत लावली. आपोआप बरा झालेला बिघाड दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप परत येत नाही, मध्ये माणूस असतो. त्या माणसाने मंगळवारी पत्राचं ऐकलं, शंका आली, बुधवारी वायर काढून खात्री करून घेतली. आता सांग, तू घरात पेनिसिलिनचं नाव घेतलं होतंस?"

भाचीने हळूहळू मान हलवली. नाही.

कोणी नणंदेकडे बघितलं नाही, पण खोलीत बघायला दुसरं काही उरलं नव्हतं. तिने फळांची पिशवी खाली ठेवली.

"मला हे काम शिकायचं होतं," ती म्हणाली. "आठ तास उभं राहून पाय सुजतात माझे. वहिनीला एकदा विचारलं, ती म्हणाली सवडीने बघू. पुन्हा विचारायची लाज वाटली. ती गावाला गेली तेव्हा डिस्क लावली. दुपारी तिचे रिपोर्ट वाचायचे, तसे टाइप करून बघायचे. कॉम्प्युटर त्यामुळे अडकतो हे खरंच माहीत नव्हतं."

"बुधवारपर्यंत," मावशी म्हणाली.

"बुधवारपर्यंत."

"मग गुरुवारी परत का लावलीस?"

"वहिनीच्या ऑफिसात मी अर्ज दिलाय. जागा निघाली की कळवू म्हणाले." ती रडायला लागली. "रोज सकाळी वाटायचं आज काढते. रोज वाटायचं, राहू दे आजचा दिवस."

जावई तिच्यावर धावून जाणार होता. भाचीने त्याला हाताने अडवलं. तिला राग आला होता, पण तो डिस्कचा नव्हता आणि अर्जाचाही नव्हता.

"पाच दिवस," ती म्हणाली, "मी उठल्या उठल्या अंथरुणात घरातल्या सगळ्यांची नावं मनात म्हणत होते. आठवतात का ते बघायला. त्यात तुझं नाव तिसरं होतं. आणि तू माझं डोकं चेपत होतीस."



पुढचं काम भाचीने स्वतः केलं. ऑफिसच्या पर्यवेक्षक बाईंना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. यंत्र अडकत होतं, आणि रिपोर्टच्या प्रती घरातच दुसऱ्याच्या हाती पडल्या होत्या. जावई खुणा करत होता की दुसरं सांगू नकोस, त्यावरच काम जाईल. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. बाई डिस्क पुसू नका म्हणाल्या. सोमवारी डिस्क आणि नणंद, दोन्ही समोर आणा, मग ठरवू. नणंदेने येते म्हणून सांगितलं. आवाज ऐकू येईल एवढाच होता.

मावशी निघाली तेव्हा भाची जिन्यापर्यंत आली. तिचे डोळे सुजले होते, पण हात स्वस्थ होते.

"काम जाईलही," ती म्हणाली. "पण माझं डोकं ठीक आहे ना, मावशी?"

"ठीक आहे."

"तुला पहिल्यापासून खात्री होती?"

मावशी दोन पायऱ्या उतरली होती. ती थांबली, आणि दिवसभरात पहिल्यांदा वही-घड्याळ न काढता खाली बसली, तिथेच, पायरीवर.

"खरं सांगू? मला मशीनचा संशयच नव्हता. तुझा फोन आला तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं होतं, आली ती वेळ. पहिले दोन तास मी तुझा कॉम्प्युटर बघतच नव्हते. तुझा चेहरा बघत होते. तुझ्या आईचा चेहरा असा थांबायचा, तसा थांबतो का ते." तिने पदराने तोंड पुसलं. "मी बिघाड तुझ्यातच शोधायला आले होते गं."

भाची तिच्या शेजारी पायरीवर बसली. मावशी आधी रडली, मग भाची. वरून जावयाने हाक मारून विचारलं, फ्रिज आता लावू का. कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हा त्याने स्वतःच्या हिमतीवर तो लावून टाकला.